चार विसा आणि तीन

लिफ्टला नाणं लागतं वर जायला. उतरणं फुकट.
झुझुना म्हणते, सगळ्याचं असंच आहे,
आणि दार पुरतं उघडायच्या आत
माझ्या बुटांकडे बोट दाखवते.

तिबिलिसी, सहावा मजला, नोव्हेंबर.
दर मंगळवारी अर्धा तास मी येते
तिच्या गुडघ्यांसाठी, तोलासाठी,
न्हाणीघरात ती पडली होती त्या एका सकाळीसाठी.
पहिल्या दिवशी वय विचारलं.
चार विसा आणि तीन, म्हणाली.
आमच्याकडे मोजतातच तसं,
पण तिच्या तोंडून वाटलं, चार पोती शिवून कोपऱ्यात लावलीत
आणि वर तीन सुटी सफरचंदं.

मी चित्रं काढून दिली होती. टाच वर, टाच खाली.
पुढच्या खेपेला कागद फ्रिजवरच होता, पण उलटा,
पाठीवर आलुबुखाराच्या आंबट चटणीचं माप:
लसूण, कोथिंबीर, पुदिना, मीठ, आणि आणखी थोडं मीठ.
केलंस का?
केलं की.
किती वेळा?
पुष्कळ.
गुडघ्यांना खोटं बोलता येत नाही. ते कुरकुरले.

मग खुर्ची. हात न टेकता उठायचं,
हात न टेकता बसायचं, दहा वेळा.
स्वैपाकघरातल्या तिन्ही खुर्च्या डुगडुगत्या.
घट्ट अशी एकच, खिडकीपाशी,
पाठीवर शाल्वाचा कोट, गेल्या चार वर्षांपासून.
ती नाही, म्हणाली.
मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.
तीन मंगळवार आम्ही ओट्याला धरून
नुसत्या टाचा उचलत राहिलो,
शेगडीवर कॉफी, तिला फेस येईपर्यंत.
फेस आला की थांबायचं.
हे मी शिकवलं नव्हतं. हे तिनंच काढलं,
आणि त्या दिवसापासून
मी नसतानाही कॉफी होत होती.

डिसेंबरात मला ताप आला. दोन खेपा गेल्या.
परत आले तेव्हा कोट दारामागच्या खुंटीवर,
खुर्ची मधोमध.
धूळ फार बसली होती त्याच्यावर, म्हणाली,
मी काही विचारलं नसताना.

मग उठली. आकडे मोजायला लागली नाही.
त्सियाला, तिसरा मजला, बरणी नेली ती गेलीच.
बसली.
नुनु शिंपीण, दोन बरण्या, त्यातली एक मोठी.
बसली. सावकाश, मी म्हटलं, धप्पकन नको,
बसण्यातच खरी मेहनत आहे.
ओमारी, ज्याला वाटतं मी विसरले.
गुलिको, जिला माझी चटणी आंबट लागते
आणि बरणी मात्र ठेवून घेते.
अशी एकेक नावं, एकेक उठणं,
ओठांवर घाम, केसांची पिन सुटलेली.
आठव्याला म्हणाली, एक हॅनोवरला गेली, मुलाच्या बॅगेतून,
ती धरू नकोस.
पण त्या बरणीला ती सगळ्यात हळू उठली
आणि उभी राहिली जरा, खिडकीकडे तोंड करून.

नववी शेजारच्या मास्तरांची.
दहावं नाव येईना.
पाय थरथरत होते. मी हात पुढे केला, धरला नाही,
नुसता असू दिला जवळ.
शाल्वा, म्हणाली शेवटी. फोडली, आणि मांजरावर ढकललं.
मांजर तर आमच्याकडे नव्हतंच.
हसता हसता बसली ती त्याच्या खुर्चीत,
सावकाश बसायचं विसरून,
मी काही बोलले नाही.

निघताना तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी हातात दिलं.
उतरणं फुकट असूनही मी जिन्यानं उतरले,
सहा मजले, कठड्याला न धरता,
काखेत बरणी.
पुढच्या मंगळवारपासून अकरा.